चालकाविना बोट : वाट सापडली, बुडणाऱ्याचे काय?

ॲमस्टरडॅमच्या कालव्यांत ऑक्टोबर २०२१मध्ये पूर्ण आकाराची, स्वतःहून चालणारी विजेवरची बोट उतरली. अमेरिकेतील एमआयटी आणि ॲमस्टरडॅममधील एका नगर-संशोधन संस्थेने ती मिळून तयार केली. जून २०२३मध्ये स्टॉकहोम शहरात ‘एस्टेल’ ही स्वयंचलित प्रवासी फेरीबोट सुरू झाली. अशा बोटींपुढचा तांत्रिक प्रश्न बराचसा सुटत आला आहे. सुरक्षिततेचा प्रश्न मात्र वेगळाच आहे.

अरुंद पाण्यात बोट चालवणे मोटार चालवण्यापेक्षा अवघड असते, कारण बोटीला ब्रेक नसतात. पंखा उलटा फिरवला तरी ती काही अंतर पुढे सरकतेच. वारा आणि प्रवाह तिला आडवे ढकलतात. उंच इमारतींमध्ये आणि पुलांखाली उपग्रहाचा संकेत कमकुवत होतो. म्हणून लेझर किरणांनी भोवतालचा परिसर टिपून तो नकाशाशी सतत जुळवला जातो. २०२०मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रकल्पातील दोन मीटर लांबीची बोट कालव्यांतून तीन तास आपापली फिरली आणि निघाल्या जागी परतली तेव्हा चूक होती अवघी १७ सेंटिमीटर.

यामागचे नियोजन तीन पातळ्यांवर चालते. आधी नकाशावर संपूर्ण मार्ग आखला जातो. मग समोर होडी आली की क्षणाक्षणाला त्यात दुरुस्ती होते. तिसरी पातळी कामाची: कोणत्या धक्क्यावरचा कचरा आधी उचलायचा, बॅटरी कुठवर पुरेल, चार्जिंगला कधी जायचे. संगणक अशी गणिते माणसापेक्षा वेगाने सोडवतो.

पण खलाशाचे काम एवढेच नसते. प्रवासी पाण्यात पडला तर तो दिसला पाहिजे, पंखा तत्काळ थांबला पाहिजे आणि त्याला कोणीतरी वर ओढले पाहिजे. श्वास बंद पडल्यावर साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला कॅमेऱ्यात अपघात दिसेल, पण त्याचा हात तिथवर पोहोचणार नाही. वर ओढल्यावर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे हेही कोणाला तरी करावेच लागते.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. डझनाहून अधिक जीव गेले. पण बोटीवरच्या शंभराहून अधिक माणसांपैकी बहुतेक वाचली. नौदल, तटरक्षक दल आणि पोलिसांच्या बोटींबरोबरच आसपास आपापल्या कामावर असलेल्या बोटीही हातातले काम टाकून धावल्या, हे त्यामागचे मोठे कारण. कचरा उचलायला निघालेली यंत्रबोट असे काम सोडेल का? तिच्या नियोजनात ‘आधी माणूस’ ही ओळ लिहिलेली असेल, तरच.

समुद्रावर संकटातील माणसाला मदत करण्याचे बंधन आंतरराष्ट्रीय कायद्याने कप्तानावर घातले आहे. टक्कर टाळण्याचे १९७२चे नियमही डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवायला सांगतात. दोन्हींत बोटीवर माणूस असल्याचे गृहीत आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना स्वयंचलित जहाजांसाठी संहिता घडवत आहे. तिच्या आराखड्यानुसार बंधनकारक संहिता २०३२मध्ये लागू व्हायची आहे. पण ती आहे मोठ्या मालवाहू जहाजांसाठी. शहरातल्या फेरीबोटींचे नियम त्या त्या देशालाच करावे लागतील.

ते करताना मार्गाच्या अचूकतेबरोबर आणखी तीन गोष्टी तपासायला हव्यात: पडलेला माणूस किती सेकंदांत ओळखला जातो, त्याला वर कोण घेते आणि दुसऱ्याच्या अपघातात ही बोट काय करते. यांची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत प्रवासी बोटीवर प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला एक तरी माणूस असलाच पाहिजे. सुकाणू त्याच्या हाती नसले तरी चालेल.