राजधानीत प्रार्थना करायला कुणाची परवानगी?

समजा, यवतमाळहून दहा-बारा ख्रिस्ती लोकांचा एक गट हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरला निघाला. एसटी स्टँडवर, दवाखान्याबाहेर लोकांशी बोलायचं, कुणी हो म्हटलं तर त्याच्यासाठी प्रार्थना करायची, आणि जमलं तर विधानभवनाच्या दिशेला तोंड करून राज्यकर्त्यांसाठीसुद्धा. (हे आजचं फॅड नाही. राजांसाठी प्रार्थना करा, असं पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्याच पत्रात आहे.) आता खरं सांगा, तुमच्या डोक्यात पहिला शब्द कोणता आला? 'धर्मांतर'. बरोबर?

हेच लोक टाळ घेऊन पंढरपूरला निघाले असते तर आपण फोटो काढून मित्रांना फॉरवर्ड केले असते.

या संशयाचं एक मूळ नागपुरातच आहे. १९५४ साली नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती आणि यवतमाळ त्याच राज्यात होतं. तेव्हाच्या सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगींची समिती नेमली. १९५६च्या अहवालात आरोप होता की मिशनरी शाळा-दवाखान्यांच्या आडून धर्मांतर करतात. पुढे १९६८चा मध्य प्रदेशचा कायदा आला आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. न्यायालय म्हणालं, प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे. ठीक. पण त्याच निकालाप्रमाणे आपल्या धर्मातली तत्त्वं समजावून सांगायचा हक्क शाबूत आहे, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. कलम २५ मधला 'प्रसार' हा शब्द काही चुकून राहिलेला नाही. ६ डिसेंबर १९४८ला संविधान सभेत त्याच्यावर कडाडून वाद झाला, तो काढा असं सांगणारे होते, आणि तो ठेवा म्हणणाऱ्यांत कन्हैयालाल मुन्शी होते. मुन्शींना कुणी मिशनरी म्हणणार आहे का?

आता आकडा बघू. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ ते १९८३ यवतमाळात होती, मग पुण्याला बिबवेवाडीत आली. म्हणजे तीस वर्षं धर्मोपदेशक घडवणारी संस्था जिल्ह्याच्या गावात! आणि २०११च्या जनगणनेत जिल्ह्यात ख्रिस्ती किती? एक टक्कासुद्धा नाहीत. एवढ्या 'धोक्या'साठी आपण एवढे घाबरतो?

"पण भोळ्याभाबड्यांना फसवतात ना!" हा नेहमीचा प्रश्न. फसवलं तर पकडा की! पण ना. वा. टिळक भोळे होते का? संस्कृतचे पंडित, कवी. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. त्यांनी वाचला, वाद घातला, विचार केला आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे अभंग आणि कीर्तनातून त्यांनी ख्रिस्त मराठीत आणला. त्या डब्यात कुणी 'इथे धर्माचं बोलायचं नाही' म्हणून दम दिला असता तर मराठीचंच नुकसान झालं असतं.

आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो. जो स्पॅम फिल्टर फक्त पाठवणाऱ्याचं नाव बघून मेल अडवतो, तो भिकार फिल्टर. आत काय आहे ते बघायला हवं. तसंच इथे. धमकी आहे का? पैशाचं, नोकरीचं आमिष आहे का? "औषध बंद कर, प्रार्थनेने बरा होशील" असं सांगतात का? मग तो गट चर्चचा असो, बाबाचा असो की बुवाचा, माझी सहानुभूती शून्य. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे, आणि त्यात धर्माचा रकाना नाही. कायदा असाच असायला हवा.

आणि यातलं काहीच नसेल तर? तर तो फक्त एक माणूस आहे, दुसऱ्या माणसाला विचारतोय, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" तुम्ही "नको" म्हणा आणि पुढे जा. दोन सेकंद लागतात. क्रेडिट कार्डवाल्यांना आपण रोज म्हणतोच की! त्यांच्यामागे कधी जमाव लागलेला पाहिलाय?

असो. "हो" म्हणायचा हक्क आणि "नको" म्हणायचा हक्क एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. एक गेला की दुसराही जातो, आणि तेव्हा तुम्ही कुठल्या धर्माचे आहात हे कुणी विचारणार नाही.