‘कळवतो’ म्हणून गेलेले लोक

मागच्या मे महिन्यात वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम होता. फुकट होता, आत एसी होता आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री, म्हणून मी गेलो. स्टेजवरच्या सरांनी कोट घातला होता. (मे महिन्यात. नागपुरात. तिथेच उठून यायला हवं होतं.) सर म्हणाले, “नोकऱ्या भरपूर आहेत. कमतरता तुमच्यात आहे.” समोर दोनशे पोरंपोरी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

त्या डोलावलेल्या मानेचा मला अजून राग येतो.

इंजिनिअरिंग संपल्यापासून मी एक वही ठेवली आहे. कुठे अर्ज केला, कधी केला, काय उत्तर आलं. आईला वाटायचं पोरगं खर्चाचा हिशेब लिहितं. तसा तो हिशेबच आहे. दोन वर्षांत १६३ अर्ज. मुलाखतीचं बोलावणं ११ वेळा. स्पष्ट नकार ४. बाकी रकाने कोरे. मुलाखत घेणारेसुद्धा बहुतेक ‘कळवतो’ म्हणाले आणि गेले ते गेलेच.

त्यातली एक मुलाखत पुण्याची. गरीबरथचं तिकीट मिळालं नाही म्हणून ट्रॅव्हल्सने गेलो, सातशे किलोमीटर. तीन फेऱ्या झाल्या. ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?’ हेही विचारून झालं. तिसऱ्या फेरीच्या शेवटी पगार कळला: महिना तेरा हजार. पुण्यात. मी पाच वर्षांनंतरचं सांगून बसलो होतो आणि त्या पैशात पुढच्या महिन्याचं खोलीभाडं कसं भरायचं हे कोणी सांगत नव्हतं. त्या तेरा हजारांसाठीही शेवटी ‘कळवतो’च.

हा आकडा जाहिरातीत असता तर मी गेलोच नसतो. माझे चार दिवस वाचले असते, त्यांच्या तीन फेऱ्या वाचल्या असत्या. मग लिहीत का नाहीत? कारण न लिहिण्यात फायदा आहे. ‘योग्य उमेदवाराला आकर्षक वेतन’ असं छापायचं, पोरगं दारापर्यंत येऊ द्यायचं, त्याचं भाडं आणि दिवस खर्च झालेले असू द्यायचे, आणि मग आकडा सांगायचा. एवढं घालवून बसलेला माणूस सहज उठून जात नाही. सीताबर्डीच्या फुटपाथवर जीन्स घेताना आपण आधी ‘कितीची भाऊ?’ विचारतो. आयुष्यातले रोजचे दहा तास विकताना मात्र विचारायचं नाही. विचारलं तर पोराला ‘ॲटिट्यूड’ आहे.

आणि इथेच ते कोटवाले सर उपयोगी पडतात. रेझ्युमे सुधारा, इंग्रजी सुधारा, हसणं सुधारा, प्रोफाइलचा फोटो सुधारा. उत्तर आलं नाही की चूक तुमचीच, त्यामुळे पुढचा कोर्स घ्या. इंग्रजी सुधारू नये असं मी म्हणत नाही, माझंही कच्चंच आहे. पण ज्या उमेदवाराला नकाराचं कारणच कोणी सांगितलेलं नाही, त्याची कमतरता या सरांना कशी दिसली?

नागपूरची पोरं सरकारी नोकरीमागे वेडी आहेत, असं म्हणून हसण्याची एक पद्धत आहे. आळस, सुरक्षितता, हुंड्याचा बाजार, अशी कारणं दिली जातात. खोटी नाहीत. पण शहरातल्या कुठल्याही रीडिंग रूममध्ये रात्री अकराला डोकावा आणि भिंतीवर चिकटवलेली जाहिरात नीट वाचा. जागा किती, वेतनश्रेणी काय, वयाची अट काय, अभ्यासक्रम कोणता, कोणत्या प्रवर्गाला किती जागा, सगळं लिहिलेलं असतं. शेवटी गुणवत्ता यादी लागते आणि तुमचं नाव कुठे अडलं तेही कळतं. इतकं खुलं बोलणारी दुसरी जाहिरात या पोरांनी पाहिलेलीच नाही. ती त्या पानावर भाळतात, त्यात मला वेडेपणा दिसत नाही.

अर्थात तिथेही लूट आहेच. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या वर, अर्ज दहा लाखांहून जास्त. शुल्क खुल्या प्रवर्गाला १००० रुपये, राखीवला ९००. गुणाकार हातातल्या मोबाइलवरच करा. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला आणि परीक्षा रद्द झाली. रात्रभर प्रवास करून परीक्षा दिलेल्यांना त्या रात्री कोणी परत दिल्या नाहीत. तसा ‘कळवतो’ हा शब्द विदर्भाला जुनाच म्हणा. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात नोकऱ्यांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा कबूल झाला होता. घटनेच्या कलम ३७१(२) मध्येही विदर्भासाठी नोकरीच्या पुरेशा संधींचा उल्लेख आहे. आमचे आजोबा त्यावर बोलायचे, बाबा बोलायचे, आता मी बोलतो.

आजोबांवरून आठवलं. ते एम्प्रेस मिलमध्ये होते. १ जानेवारी १८७७ ला, राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी ही मिल सुरू केली, नावही त्यावरूनच. मिलला सुरुवातीला एक मोठा त्रास होता. कामगार कामावर येतच नसत. आज असं झालं असतं तर कोणीतरी ‘विदर्भातल्या तरुणांची मानसिकता’ या विषयावर चर्चासत्र घेतलं असतं. त्या काळचा सरळ उपाय म्हणजे दंड. जमशेटजींनी दंड न लावता भविष्य निर्वाह निधी काढला, विमा काढला, हजेरीला बक्षिसं ठेवली, खेळांचे सामने भरवले. १८८६ मध्ये पेन्शन फंड आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. माणूस येत नाही तर आपल्या मिलमध्ये काय कमी आहे, असा प्रश्न एका मालकाने याच शहरात विचारला होता, तोही कोणी सक्ती केलेली नसताना.

मला मिलचे गोडवे गायचे नाहीत. यात दानधर्म नव्हता, धंद्याचं गणित होतं. कापसाच्या धुळीने आजोबांची छाती शेवटपर्यंत वाजायची. त्यांना नोकरी लागली तीसुद्धा मामाच्या ओळखीने, म्हणजे त्या काळातला अर्ज तोच. मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली आणि तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. पण प्रश्न कोणी कोणाला विचारायचा, याची दिशा कधीतरी उलटी होती, एवढं खरं.

कायद्यातसुद्धा होती. १९५९ मध्ये देशात एक कायदा झाला. ज्या आस्थापनेत २५ किंवा जास्त माणसं, तिने रिकामी जागा भरण्याआधी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवायची. पुढच्या वर्षीच्या नियमांत काय कळवायचं याची यादीच होती: कामाचं स्वरूप, जागा किती, पगार आणि भत्ते, कामाचं ठिकाण. मात्र एक्स्चेंजने पाठवलेला माणूस घ्यायलाच हवा, अशी सक्ती नव्हती. आपल्या आईबाबांच्या पिढीकडे एक्स्चेंजचं कार्ड असायचं, दर काही वर्षांनी ते नूतनीकरण करून आणायचे, आणि कॉल येत नसे. कायदा पुढे २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विरून गेला. तिकडे कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला जाहिरातीत पगार लिहावा लागतो, आणि मुलाखत घेतलेल्या उमेदवाराला ४५ दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही ते सांगावं लागतं. ४५ दिवस! माझ्या वहीतल्या काही रकान्यांना दीड वर्ष झालं.

सरांचा दुसरा मुद्दा होता पॅशनचा. आवडीचं काम शोधा म्हणजे एक दिवसही काम केल्यासारखं वाटणार नाही, वगैरे. माझी एक मैत्रीण हिंगणा एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात पार्ट तपासते. लहानपणी तिला मायक्रोमीटरची पॅशन होती असं मला वाटत नाही. पण ती खूश आहे. का, विचारलं तर म्हणाली, “माप चुकलं तर मी मशीन थांबवू शकते. आणि थांबवली तर सर ओरडत नाहीत, बघायला येतात.” शिवाय पगार सात तारखेला होतो आणि सहाची बस मिळते. समाधान याच गोष्टींचं बनतं, आणि यातली एकही जाहिरातीत नव्हती.

मग तिला कळलं कसं? तिने अर्ज करण्याआधी दोन संध्याकाळी कारखान्यासमोरच्या टपरीवर चहा घेतला. शिफ्ट सुटल्यावर येणाऱ्यांना विचारलं: पगार कोणत्या तारखेला होतो? ओव्हरटाइमचे पैसे भेटतात का? या जागेवरचा आधीचा माणूस काहून गेला? (गेला नव्हता, त्याला बढती मिळाली होती. इथेच तिचं ठरलं.) मग अर्ज लिहिला, चार ओळींचा. मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड, यातलं काही नाही. कोणकोणती मोजमापाची साधनं हाताळली, डिप्लोमाच्या प्रोजेक्टमध्ये किती पार्ट मोजले आणि किती नापास केले, एवढंच. तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मी त्याच महिन्यात फोनवर एका बोटाने चाळीस अर्ज सोडले होते. कोणत्या कंपनीत काय बनतं हेही मला माहीत नव्हतं. तेव्हा मालकांनीच आपल्याला माणूस समजावं आणि आपण मात्र त्यांच्याकडे पत्रकं टाकत सुटावं, हेही काही बरोबर नाही.

यावर लोक म्हणतात, एका जागेला शंभर पोरं उभी असताना प्रश्न विचारणाऱ्याला कोण घेणार? बरोबर आहे. मी एका मुलाखतीत पगार आधी विचारला आणि ती जागा गेली, असा माझा अंदाज आहे. अंदाज, कारण त्यांनी कळवलं नाही. एकट्याने विचारलं की उद्धटपणा ठरतो. शंभरातल्या साठांनी विचारलं तर एचआरला तो आकडा आधीच लिहून ठेवावा लागेल, नाहीतर दिवसभर फोनवर तेच सांगत बसावं लागेल.

परवा एका कंपनीतून फोन आला. मॅडम चांगल्या बोलत होत्या. मी म्हटलं, “मॅडम, येतो मी. त्याआधी दोन गोष्टी सांगाल का? पगार किती ते किती दरम्यान आहे, आणि नाही जमलं तर किती दिवसांत नाही म्हणाल?”

पलीकडे जरा शांतता.

“असं कोणी विचारत नाही हो.”

“मी विचारतोय ना.”

“थांबा, सरांना विचारते,” त्या म्हणाल्या. फोनवर गाणं लागलं. दोन मिनिटांनी परत आल्या आणि हळू आवाजात एक आकडा सांगितला. अठरा ते बावीस. दुसऱ्या प्रश्नाचं मात्र सरांना विचारून कळवते म्हणाल्या.

वहीत १६४ वा रकाना आखला आहे. पगाराच्या जागी, पहिल्यांदाच मुलाखतीच्या आधी, आकडा आहे. उत्तराची जागा अजून कोरी आहे. मुलाखत सोमवारी.