कान चांगलेच आहेत हो!

परवा घरच्या लग्नात वरात निघाली आणि माझा सहा वर्षांचा भाचा कानांवर हात दाबून पळाला. सापडला तो मांडवामागे, सतरंज्यांच्या ढिगात. घामाघूम. आणि आमची मंडळी काय म्हणाली? "लाडावलं पोट्टं. एक ठेवून द्या, सुधरते बरोबर."

त्या मंडळींसाठीच हे लिहितोय. (तुम्ही वाचता, ठाऊक आहे मला!)

मिक्सर, कुकरची शिट्टी, शाळेची घंटा... या पोराला सगळंच टोचतं. बहीण त्याला घेऊन मंगरूळपीरहून आधी वाशिम, मग अकोला अशी फिरली. दोन्हीकडे एकच उत्तर, "ऐकू व्यवस्थित येतं, कान चांगले आहेत, काळजी करू नका." संपलं! अहो, ऐकू येत नाही अशी तक्रार होती कुणाची?

माझं भांडण याच उत्तराशी आहे. कमीत कमी किती आवाज ऐकू येतो, ते ऑडिओग्राम सांगतो. किती आवाजाला त्रास सुरू होतो, ते वेगळं तपासावं लागतं. या त्रासाला नाव आहे, हायपरॅक्युसिस. तो नुसताही असतो, मायग्रेनबरोबर किंवा ऑटिझमबरोबरही दिसतो. म्हणजे कान चांगले निघाले की तपास संपत नाही, तिथून सुरू होतो. बालविकासतज्ज्ञांना दाखवा, एवढी एक ओळ चिठ्ठीवर लिहायला काय जातं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. शाळा-अंगणवाड्यांतली मुलं तपासतात, उत्तमच आहे. पण तिथंही शोध कमी ऐकू येणाऱ्यांचा.

बरं, उपाय नाहीत असंही नाही. हलक्या आवाजापासून हळूहळू सवय लावणं, समजावून भीती कमी करणं, हे करता येतं. बहीण बिचारी दिवसभर त्याच्या कानात कापूस घालून ठेवायची. शांत घरातही कान सतत बंद ठेवले तर ते आणखी हळवे होऊ शकतात, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

कुणी म्हणेल, तालुक्याच्या गावात तज्ज्ञ कुठून आणायचे? कबूल. पण तज्ज्ञ नसणं वेगळं आणि "काही नाही" म्हणून आईला परत पाठवणं वेगळं. दुसऱ्यात दोष आईच्या माथी येतो.

आता वरातीबद्दल. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी मर्यादा आहे दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. त्या दिवशी डीजेपुढे शेजारच्याशी बोलायला मला त्याच्या कानात ओरडावं लागलं. पोराला ठेवून द्या म्हणणाऱ्यांपैकी एकानंही डीजेवाल्याला आवाज कमी कर म्हटलं नाही!

असो. पुढच्या आठवड्यात नागपूरला बालविकासतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. एसटीच्या हॉर्ननं पोराचे हाल होतात. कुणाची गाडी जाणार असेल तर मला फोन करा. सल्ला नको, गाडी हवी.