कर्ता आणि करविता : बी पेशींना जागे कोण करते?

१/ ज्याची सही वा शिक्का कागदावर सापडतो, त्यालाच कर्ता मानण्याची सवय इतिहासाच्या अभ्यासकांना जडलेली आहे. ही सवय अपुरी आहे, असे माझे मत आहे. त्यासाठी या धाग्यात दप्तरखाना सोडून प्रयोगशाळेत जाऊ.

२/ जॅक मिलर यांचा जन्म १९३१ साली फ्रान्समधील नीस येथे झाला. बालपणाचा काही काळ शांघायमध्ये गेला, शिक्षण सिडनीत झाले. पुढे लंडनमध्ये त्यांनी छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीचा अभ्यास आरंभला. प्रौढ प्राण्यांतून ती काढली तरी फारसे बिघडत नसे. त्यामुळे तिला विशेष कार्य नसावे, असा समज रूढ होता.

३/ मिलर यांनी ती नवजात उंदरांतून काढली. त्यांची प्रतिकारशक्ती ढासळली. परक्या त्वचेचे कलमही त्यांचे शरीर नाकारीना. १९६१ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुना पुरावा खोटा नव्हता. तो फार उशिराच्या वयात शोधला गेला होता.

४/ मग प्रतिपिंडे कोण बनवते? १९६६ साली डेन्व्हर येथे हेन्री क्लेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की थायमसच्या आणि अस्थिमज्जेच्या पेशी उंदरांत एकत्र सोडल्यास प्रतिपिंडे कितीतरी अधिक बनतात. मात्र त्यांतली बनवणारी पेशी कोणती, हे अनिर्णित राहिले.

५/ १९६८ साली मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत मिलर आणि त्यांचे विद्यार्थी ग्रॅहम मिचेल यांनी जनुकीय खुणांवरून पेशींचा उगम ओळखला. प्रतिपिंडे अस्थिमज्जेतून आलेल्या पेशी बनवत होत्या. थायमसच्या पेशी स्वतः ती बनवत नव्हत्या, पण त्यांच्या साहाय्यावाचून पहिल्या पेशी नीट जाग्या होत नव्हत्या. आज आपण त्यांना अनुक्रमे बी आणि टी पेशी म्हणतो.

६/ हा भेद पुस्तकी नाही. हिब जिवाणूच्या शर्करायुक्त आवरणाला तान्ह्या बाळाच्या बी पेशी पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. त्या शर्करेला प्रथिन जोडले, की टी पेशींचे साहाय्य मिळते. आपल्याकडे बाळांना दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंट लशीतील हिबचा घटक याच तत्त्वावर बनतो.

७/ २०१९ साली मिलर यांना मॅक्स कूपर यांच्यासह लास्कर पुरस्कार मिळाला. सन्मान यथार्थच, पण मानकऱ्यांत क्लेमन नाहीत, मिचेलही नाहीत. केवळ पुरस्कारांच्या यादीवरून हा इतिहास लिहिला, तर तो अर्धाच राहील.

८/ कोणी म्हणेल, कागद सोडला तर उरते केवळ कल्पना. आक्षेप रास्त आहे. परंतु मिलर यांनी करविता कल्पिला नाही. तो वगळल्यावर काय थांबते, हे पाहून सिद्ध केला. इतिहासात प्रयोग पुन्हा करता येत नाही, तुलना मात्र करता येते.

९/ आज्ञापत्रावर शिक्का राजाचा असतो. त्यामागे बातमी आणणारा जासूद असतो, मसुदा लिहिणारा चिटणीस असतो. यांतला एक नसता तर ते आज्ञापत्र निघाले असते का? पुढचे साधन वाचताना हा प्रश्न अवश्य विचारा.