उतरत्या बाजाराला सवलतीचा टेकू

शेअर बाजार घसरणीला लागला की दोन मागण्या हमखास कानी पडतात. रिझर्व्ह बँकेने व्याजदर उतरवावेत आणि अर्थमंत्र्यांनी कर कमी करावेत. या दोन मात्रांचा गुण किती आणि तो टिकतो किती काळ, याचा ठसठशीत दाखला आमच्या पणजीतच घडला. वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीसाठी येथे आलेल्या अर्थमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन यांनी २० सप्टेंबर २०१९ रोजी, अन्य सवलती न घेणाऱ्या कंपन्यांवरील प्राप्तिकराचा दर २२ टक्क्यांवर आणल्याची घोषणा केली. त्या एका दिवसात सेन्सेक्स १,९२१ अंकांनी उसळला. सरकारने सोडून दिलेला महसूल होता वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा.

बाजाराचा हा आनंद अनाठायी नव्हता. कर घटला की विक्री एक पैशाने न वाढताही कंपनीचा करोत्तर नफा वाढतो. व्याज उतरले की कर्जाचा भार हलका होतो, आणि ठेवींचे आकर्षण ओसरल्याने पैसा शेअरकडे वळतो. हे गणित चोख आहे. पण ते तिथेच संपते. माल खपत नसेल तर स्वस्त कर्ज काढून नवा कारखाना कोण उभारील? आणि भयाने पळत सुटलेल्या गुंतवणूकदाराला पाव टक्क्याचा हिशेब कोण समजावील?

अनुभव हेच सांगतो. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने २००१ या एका वर्षात अकरा वेळा व्याजदर उतरवले, त्याच वर्षी प्राप्तिकरही कमी झाला. तरी तेथील बाजार ऑक्टोबर २००२ पर्यंत कोसळतच राहिला. आपल्याकडे पणजीतील घोषणेला सहा महिने उलटतात तोच, २३ मार्च २०२० रोजी महामारीच्या भीतीने सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून अधिक अंकांनी आपटला. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वासहा टक्क्यांवर आणला. त्याच्याच आठवडाभर आधी अंदाजपत्रकाने बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले होते. तरीही ऑक्टोबर २०२४ पासून घसरत आलेला निफ्टी तो महिनाही घसरणीतच संपला.

मग सवलतीचा लाभ पोचतो कोठे, हे पाहण्यास दलाल स्ट्रीट सोडून आदिलाबादला जावे. पैनगंगेपलीकडचा, यवतमाळ-नांदेडला खेटून असलेला तेलंगणातील हा जिल्हा. गावोगाव मराठी बोलणारा आणि कापसावर जगणारा. तेथल्या शेतकऱ्याला बाजार म्हणजे मार्केट यार्ड. अमेरिकेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लादले, तेव्हा कापड उद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत माफ केले. हीही करकपातच. गिरण्यांना कच्चा माल स्वस्त झाला. पण नवा कापूस यार्डात येतो तो ऑक्टोबरनंतर, नेमका त्याच मुदतीत. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये असताना खुल्या बाजारातील भाव त्याखाली राहिले. कापूस महामंडळाच्या केंद्रावर जावे, तर बारा टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला माल घेत नाहीत, आणि मोसम तर अवकाळी पावसाचा.

व्याजाचेही तसेच. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा दर सात टक्के, वेळेवर फेडल्यास चार टक्के, असा सरकारने ठरवून दिलेला आहे. २०२५ मध्ये रेपो दर सव्वा टक्क्याने उतरला म्हणून तो उतरला नाही. बँकेच्या दारात ज्याला उभे केले जात नाही आणि जो व्यापाऱ्याकडून उचल घेतो, त्याच्या व्याजाला तर रेपो हा शब्दच ठाऊक नाही. उलट, व्याजकपातीचा फटका आमच्या गोव्यातील ठेवीवर जगणाऱ्या निवृत्तास मात्र ठेवीचे नूतनीकरण करताना बसतो आणि उतारवयात तो नको त्या जोखमीच्या वाटेला ढकलला जातो.

सवलती देऊच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. संकटात उद्योगाला हात द्यावाच लागतो. परंतु २०१९ च्या कपातीनंतर कंपन्यांचे नफे फुगले, त्या मानाने नोकऱ्या व वेतन वाढले नाही, अशी कबुली सरकारच्याच आर्थिक पाहणीने २०२४ मध्ये दिली आहे. तेव्हा यापुढील करकपात रोजगाराच्या व गुंतवणुकीच्या अटींनी बांधलेली असावी. शुल्कमाफी द्यायची तर तिची मुदत सुगीच्या आधी संपावी, आणि तसे शक्य नसेल तर हमीभावाची खरेदी पहिल्या वेचणीबरोबर सुरू व्हावी.

बाजाराला उभे करते ती मागणी, आणि मागणी येते ती सामान्यांच्या खिशातून. आदिलाबादच्या शेतकऱ्याच्या हाती कापसाचे चार पैसे अधिक पडले, तर तो कापड घेईल, सिमेंट घेईल, दुचाकी घेईल. कंपन्यांचा नफा मग सवलतीवाचूनही वाढेल. सेन्सेक्सच्या एका दिवसाच्या उसळीसाठी तिजोरी उघडणाऱ्यांनी हा सरळ हिशेब एकदा मांडून पाहावा.