अपडेटनंतर फोनमध्ये उरलेली रिकामी अ‍ॅप्स: पाटी की रुमाल?

परवा रात्री फोन चार्जिंगला लावला आणि अँड्रॉइडचं मोठं अपडेट टाकलं. सकाळी पनवेल स्टेशनवर लोकलची वाट बघताना अ‍ॅप्सची यादी उघडली, तर चार-पाच नवी नावं दिसली. आयकॉन नाही, उघडायचं बटण नाही, साइज जेमतेम काही केबी. पहिला विचार हाच, की उडवून टाकू.

पण मावसभावाची गोष्ट आठवली. त्याने एका व्हिडिओतली यादी बघून फोन कॉम्प्युटरला जोडला आणि कमांड देऊन अशी बरीच पॅकेजेस काढली. फोन लोगोवरच अडकला. शेवटी रिसेट करावा लागला आणि बारावीच्या नोट्सचे सगळे फोटो गेले.

मग ही रिकामी पॅकेजेस असतात तरी कशाला?

पाटी, रुमाल आणि तिसरा प्रकार

बाजारातलं दुकान हललं की जुन्या शटरवर पाटी लागते: 'दुकान नवीन पनवेलला गेले आहे'. आत माल नसतो, पण जुनं गिऱ्हाईक चुकत नाही. डेबियन किंवा उबंटू लिनक्समध्ये असंच चालतं. एखाद्या पॅकेजचं नाव बदललं की जुन्या नावाचं रिकामं पॅकेज ठेवतात आणि ते अपग्रेडच्या वेळी नव्याकडे बोट दाखवतं. अपग्रेड झालं आणि दुसरं काही त्याच्यावर अवलंबून नसलं, की ते खुशाल काढता येतं.

फोनमध्ये मात्र पाटीपेक्षा रुमाल जास्त सापडतात. लोकलमध्ये सीटवर रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. अशा पॅकेजला स्टब म्हणतात. खरं अ‍ॅप आत नसतं, फक्त त्याची जागा धरलेली असते. अ‍ॅप नंतर स्टोअरमधून येतं.

तिसरा प्रकार फसवा आहे. काही केबींच्या पॅकेजमध्ये फक्त रंग, फॉन्ट किंवा स्क्रीनच्या मापाची माहिती असते. ती दिसायला रिकामी, पण सिस्टीमला लागणारी. म्हणजे साइज लहान आहे म्हणून पॅकेज फालतू, असं धरून चालू नका.

मग करायचं काय?

सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्समध्ये जाऊन 'सिस्टीम अ‍ॅप्स दाखवा' चालू करा. अनोळखी नावावर टॅप करून परवानग्या आणि मोबाइल डेटाचा वापर बघा. 'अनइन्स्टॉल' दिसलं आणि अ‍ॅप नको असेल, तर काढा. फक्त 'डिसेबल' दिसत असेल आणि अ‍ॅप कशाचं आहे ते कळलं असेल, तर डिसेबल करा. दोन्ही बटणं बंद असतील तर हात लावू नका.

कॉम्प्युटरवरून सिस्टीम अ‍ॅप उडवलं तरी त्याची मूळ फाइल सिस्टीमच्या वेगळ्या भागात तशीच राहते. स्टोरेज जवळजवळ वाढत नाही आणि रिसेट केल्यावर अ‍ॅप परत येतं. जागाच हवी असेल, तर मोठ्या सिस्टीम अ‍ॅपचे 'अपडेट्स अनइन्स्टॉल' करणं जास्त उपयोगी.

खरा प्रश्न रुमाल कोणी टाकला हा

२० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. आधीच टाकलेली गूगलची अ‍ॅप्स काढायला ग्राहकांना अडवू नका, असंही बजावलं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण अ‍ॅप काढण्याबद्दलचा हा आदेश रद्द केला. आपल्या कामाचं नेमकं तेच गेलं!

पुढे २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने नव्या फोनमध्ये 'संचार साथी' आधीच टाकण्याचा आदेश काढला. तयार झालेल्या फोनमध्ये ते सॉफ्टवेअर अपडेटमधून पोचवायचं होतं. खूप टीका झाली, ते काढता येईल असा खुलासा आला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली.

एकीकडे कंपनी, दुसरीकडे सरकार. अ‍ॅप चांगलं की वाईट हा नंतरचा मुद्दा. अपडेट आपण सुरक्षेसाठी घेतो, त्याच दारातून दुसरं कोणी आत येणार असेल, तर विचारायला हवं आणि 'नको' म्हणायचं बटणही हवं. ते नसेल तर लोक अपडेटच टाळायला लागतील, आणि ते जास्त धोक्याचं आहे.

मी दोन स्टब डिसेबल केले, बाकीचे तसेच ठेवले. फोन व्यवस्थित चालतोय. आणि हो, पुढच्या अपडेटच्या आधी फोटोंचा बॅकअप घेणार आहे. तुम्हीही घ्या.