शिडी कोणाची होती?

इम्तियाज जलील २०१९ साली औरंगाबादहून लोकसभेत गेले तेव्हा आम्ही मोहल्ल्यात मिठाई वाटली. २०२४ साली ते पडले तेव्हा आम्ही गद्दार शोधत बसलो. कोणी म्हणाले मशीनमध्ये गडबड, कोणी म्हणाले आपलेच फुटले. हिशेब मात्र आम्ही दोन्ही वेळा केला नाही.

पत्रकारितेतून आलेला हा माणूस २०१४ साली औरंगाबाद मध्यमधून आमदार झाला. पुढच्या वर्षी महापालिकेत एमआयएमचे २५ नगरसेवक आले. इथवरची मजल आमच्या मतांवर झाली, हे कबूल. पण लोकसभा मोहल्ल्यांच्या बळावर जिंकता येत नाही. त्या मतदारसंघात कन्नड, वैजापूर, गंगापूरही येतात. तिथे लागली ती वंचितची मते. २ ऑक्टोबर २०१८ च्या औरंगाबादच्या सभेत प्रकाश आंबेडकर आणि ओवैसी एका मंचावर आले, आणि हिरवे व निळे झेंडे आम्ही प्रथमच इतक्या संख्येने शेजारी-शेजारी पाहिले. जलील यांना ३,८९,०४२ मते पडली, खैरेंना ३,८४,५५०. फरक फक्त ४,४९२. हर्षवर्धन जाधवांनी पावणेतीन लाखांहून अधिक मते घेतली नसती तर आमची मिठाई दुकानातच राहिली असती.

२००४ साली अंतुलेसाहेब कुलाब्यातून निवडून आले होते. त्यानंतर महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेला पहिला मुस्लिम म्हणजे जलील. मध्ये दोन निवडणुका कोऱ्या गेल्या. म्हणून या विजयाची किंमत मोठी होती. आणि आम्ही काय केले? चार महिन्यांच्या आत, सप्टेंबर २०१९ मध्ये, विधानसभेच्या जागावाटपावरून युती मोडली. वंचित आठच जागा देते, ही तक्रार खोटी नव्हती. पण भांडण मिटवायला दोन्हीकडचा एकही शहाणा पुढे आला नाही. ऑक्टोबरमध्ये एमआयएमला मालेगाव आणि धुळे अशा दोन जागा मिळाल्या, वंचितला शून्य. जलील यांची औरंगाबाद मध्यची जागासुद्धा गेली.

दिल्लीत एकटा माणूस काय करू शकतो तेही दिसले. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षण विधेयकाला ४५४ मते पडली, विरोधात दोन: ओवैसी आणि जलील. मागणी ओबीसी आणि मुस्लिम स्त्रियांच्या वाट्याची होती. बोलणे बरोबर होते, असे आमचे मत आहे. पण ज्या ओबीसींसाठी बोललो त्यांचा एकही खासदार सोबत उभा राहिला नाही.

आता सेक्युलर म्हणवणाऱ्यांबद्दल. २०२४ साली महाविकास आघाडीने ४८ जागांपैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. काँग्रेसच्या नसीम खान यांनाच जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. आणि हेच लोक आम्हाला ‘बी टीम’ म्हणतात! मते हवीत, माणूस नको. याला दुसरे नाव नाही.

पण त्यांना शिव्या देऊन आमची वजाबाकी चुकायची थांबत नाही. २०२४ च्या लोकसभेत वंचितने औरंगाबादेत स्वतःचा उमेदवार दिला, तोही मुस्लिम. जलील १,३४,६५० मतांनी हरले. वंचितची सगळी मते मिळाली असती तरी ते हरलेच असते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु त्याच वर्षी औरंगाबाद पूर्वच्या विधानसभेत ते अतुल सावेंकडून फक्त २,१६१ मतांनी पडले. तिथेही वंचितचा उमेदवार होता, समाजवादीचाही. दोघांपैकी कोणा एकाची मते मिळाली असती तरी पुरली असती. शाळेत हे गणित चौथीच्या मुलालाही सुटेल.

बाबासाहेबांनी १९५० साली ज्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभे केले, ते हेच शहर. २०१९ च्या सप्टेंबरनंतर आमच्यातला कोण निवडणूक नसताना नागसेनवनाकडे गेला, कोणाच्या घरी चहा प्यायला, कोणाला विचारले की बाबांनो, त्या आठ जागांचे नेमके काय झाले होते?